नळ मोजायचे की पाणी?

मे महिन्यात आजोळी गेले की पहाटे जाग येते ती टँकरच्या आवाजाने. शहापूर तालुक्यातलं आमचं गाव तानसा तलावापासून फार लांब नाही. टँकर गावविहिरीला पाठ लावून उभा राहतो, ड्रायव्हर जाडजूड पाइप विहिरीत सोडतो आणि अख्खा टँकर तिथे रिकामा होतो. मग काठावर थांबलेल्या बायकांचे पोहरे एकदम खाली जातात. तळ ढवळून पाणी गढूळ व्हायच्या आत हंडा भरला पाहिजे, म्हणून ही घाई. दोर घासून घासून काठाच्या दगडाला खाचा पडल्या आहेत. माझी आजी त्यातल्याच एका खाचेतून पोहरा ओढायची.

तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो. भातसा, मोडकसागर हेही याच तालुक्यातले. माझा मामा मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात ३१ वर्षं होता आणि त्यातली बरीच वर्षं त्याची मीटर वाचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तो गावी परतला. मी मुंबईत राहते, वस्त्यांमधल्या बायकांबरोबर पाण्याच्या प्रश्नावर काम करते आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीतही आहे. या खेपेला माझ्या पिशवीत सोसायटीच्या सभेपुढे येणाऱ्या एका ठरावाचा कागद होता. प्रत्येक घराला वेगळा मीटर बसवायचा, ठरावीक मर्यादेपर्यंत साधा दर आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने चढता दर लावायचा, असा तो ठराव. मी त्याला विरोध करणार होते. मामाने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि ओट्यावर आमची जुंपली.

मामा : यात वाईट काय आहे?

मी : वाईट हे, की पाण्याला चढा भाव लावायचा आणि त्याला बचत म्हणायचं. ज्याच्याकडे पैसा आहे तो भरेल आणि अर्धा तास शॉवरखाली उभा राहील. ज्याच्याकडे नाही तो मगाने मोजून अंघोळ करेल. मग पाणी वाचवलं कोणी? ज्याच्याकडे आधीच कमी होतं त्याने.

मामा : आणि आत्ता पाण्याचे पैसे कसे वाटून घेता?

मी : उपविधीत सांगितलंय तसे. प्रत्येक घरात नळाची तोंडं किती आणि केवढी, त्यावर.

मामा : म्हणजे नळ मोजता, पाणी मोजत नाही. तुमच्या तळमजल्यावर त्या एकट्या आजी राहतात ना? धुण्याचं पाणी बादलीत साठवून संडासात ओततात म्हणाली होतीस. त्यांचे नळ किती?

मी : सगळ्यांइतकेच.

मामा : आणि चौथ्या मजल्यावर रोज पाइप लावून गॅलरी धुणाऱ्यांचे?

मी : तेवढेच.

मामा : मग आज त्या आजी दुसऱ्याच्या गॅलरीचं पाणी भरतायत. मीटर नसल्यामुळे गरीब वाचतो असं तू धरून चाललीस. मीटर नसला की पहिला लुटला जातो तो काटकसर करणारा. आणि काटकसर करणारा बहुधा पैसेवाला नसतोच.

मी : हे मान्य. पण मोजणं वेगळं आणि मोजून चढा दर लावणं वेगळं. मुंबईत चढा दर आहेच की. तूच सांगायचास: माणशी रोज १५० लिटरपर्यंत साधा दर, १५० ते २०० ला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. ऐकताना कडक वाटतं. पण हिशेब मांड. पाच माणसांचं घर, माणशी १५० लिटर, म्हणजे महिन्याला साडेबावीस हजार लिटर. हजार लिटरला साडेसहा रुपये धरले तर १४६ रुपये होतात. आता तेच घर माणशी २५० लिटरवर गेलं. वरच्या पन्नासाला दुप्पट, त्याच्या वरच्या पन्नासाला तिप्पट. बिल झालं ३९० रुपये. २४४ रुपयांसाठी कोण शॉवर बंद करणार? एवढ्यात दोघांचा साधा नाश्ता होत नाही.

मामा : कोणी नाही करणार. मी हे दर आकारलेत, मला माहीत आहे. दुकानात २० रुपयांना एक लिटरची बाटली मिळते. तेवढ्या पैशांत महापालिका तीन हजार लिटर स्वच्छ पाणी दारात आणून देते. इतक्या स्वस्त वस्तूचा भाव दुप्पट केला काय आणि चौपट केला काय, खिशाला कळत नाही.

मी : मग झालं तर! तूच माझं म्हणणं सिद्ध केलंस.

मामा : अर्धंच. पैशाने माणूस घाबरत नाही, हे खरं. पण आकडा दिसला की माणूस चपापतो. तुला एका इमारतीची गोष्ट सांगतो. पाण्याच्या मीटरवर आकड्यांच्या शेजारी एक चिमुकलं चक्र असतं. बारीक धार वाहिली तरी ते फिरतं. जमिनीखालची टाकी भरली, बॉलकॉक वर आला की ते थांबलं पाहिजे. त्या इमारतीत ते थांबेना. मीटरच्या खड्ड्यात गुडघे टेकून बॅटरी धरली, टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकी काठोकाठ, बॉलकॉक घट्ट, आणि चक्र आपलं फिरतंय. शेवटी खणलं. मीटर आणि टाकी यांच्या मधल्या पाइपला खालच्या अंगाला बोटभर चीर होती. कित्येक महिने पाणी जमिनीत मुरत होतं. बिल वाढलेलं होतं, पण साठ घरांत वाटलं जात होतं. वाटल्यावर जे येतं ते कोणाला टोचत नाही. तेच बिल एका घरात आलं असतं तर दुसऱ्या दिवशी प्लंबर आला असता. महापालिकेचा चढा दर इमारतीच्या दारापर्यंत येतो आणि तिथे विरघळून जातो. तुमचा हा ठराव त्याला घरात नेतोय.

मी : आणि मी म्हणते, घरात न्यायचंच असेल तर नियम न्या, दर कशाला? आपल्याकडे हिवरे बाजारने काय केलं? दर लावले नाहीत. सिंचनासाठी बोअरवेल बंद, ऊस आणि केळी बंद. पाऊस संपला की गाव बसतं, विहिरींची पातळी बघतं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढतं आणि उरेल त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ठरवतं. सगळ्यांना एकच नियम. ज्याच्याकडे दोन पैसे जास्त आहेत त्याला ऊस लावायची मुभा नाही. पाणी असं वाचतं.

मामा : हिवरे बाजारपुढे मी हात जोडतो. पण तिथला नियम का टिकला? एकाने गुपचूप बोअर मारायची ठरवली तर त्याची गाडी गावात शिरतानाच सगळ्यांना दिसते. ऊस काही उशीखाली लपवता येत नाही. शहरात काय दिसतं? बंगळूरने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला, बागेला पाणी घालायला बंदी केली. दंड पाच हजार रुपये. पहिल्या तीन दिवसांत २२ घरांना मिळून एक लाख दहा हजारांचा दंड झाला. केवढं मोठं शहर आणि घरं सापडली २२. बाकीच्यांच्या न्हाणीघरात कोण डोकावणार? आणि डोकावावं असं तुला तरी वाटतं का?

मी : नाही वाटत.

मामा : मीटर आत डोकावत नाही. तू पाणी अंघोळीला वापरलंस की तुळशीला घातलंस, त्याला घेणं नाही. तो बेरीज तेवढी सांगतो. चावडीवर बसलेल्या गावाला जे डोळ्यांनी दिसतं, ते शहराला मीटरनेच दिसेल.

मी : बरं. पण शहरात पाणी किती येणार याचीच खात्री नसते. आमच्याकडे बाया रात्री उठून पिंपं भरतात. त्यांना दराची भीती घालून काय वाचणार?

मामा : इथे तू मुद्द्यावर आलीस. पिंपात भरलेल्या त्या पाण्याचं सकाळी काय होतं?

मी : शिळं पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात.

मामा : आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. कालचं पाणी आज पिऊ नये ही शिकवण चांगलीच, पण त्यापायी किती पाणी मोरीत गेलं! कराडजवळच्या मलकापूरने काय केलं, बघ. साधी नगरपंचायत होती. जीवन प्राधिकरणाने तिथे चोवीस तास पाण्याची योजना केली. प्रत्येक नळाला मीटर, चढते दर आणि जोडीला चोवीस तास पाणी. सगळ्यांना वाटलं, दिवसभर नळ वाहणार म्हटल्यावर लोक उधळतील. झालं उलटंच. माणशी वापर खाली आला. कारण साठवायचं काही कारणच उरलं नाही. पिंप नाही तर शिळं पाणी नाही, शिळं नाही तर ओतणं नाही. त्या गावाच्या योजनेला पंतप्रधान पुरस्कार मिळाला.

मी : म्हणजे आधी पाण्याची खात्री, मग दर.

मामा : हो. हे मी आमच्या खात्यातसुद्धा ओरडून सांगायचो. ज्याला उद्या पाणी येईल की नाही ठाऊक नाही, त्याच्या हातात चढ्या दराचं बिल ठेवणं म्हणजे उपाशी माणसाला कमी खा म्हणून सांगणं.

इथे मामी चहा घेऊन आली आणि आम्ही जरा थांबलो. पहाटेचे दोन हंडे तिने पडवीत झाकून ठेवले होते. तिसरा, घासलेला, ओट्याच्या कडेला पालथा होता. मी पुन्हा ठरावाकडे वळले.

मी : माझा खरा राग मर्यादेवर आहे. यात लिहिलंय, एका घराला महिन्याला इतके हजार लिटर साध्या दराने. घराला! दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमच्या घरात सहाजण राहतात. आजोबा अंथरुणाला खिळलेले, रोज चादरी धुवाव्या लागतात. सातव्या मजल्यावर तीन बेडरूममध्ये दोघं नवराबायको, दोघंही दिवसभर ऑफिसात. या नियमाने चढा दर कोणाला लागणार?

मामा : सहाजणांना. हे कलम चुकीचं आहे. मुंबईचा दरसुद्धा माणशी आहे, घराला नाही. थांब, तुला एक नमुना सांगतो. तुझी मामेबहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचं पाण्याचं बिल मागून घेतलं. हात शिवशिवले माझे. तिथल्या संस्थेचं नाव अर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्ट. १९९१ मध्ये दुष्काळ चालू असताना त्यांनी ही पद्धत काढली. प्रत्येक घराला त्याच्या गरजेएवढं पाणी ठरवून देतात: माणसं किती, अंगण केवढं, त्या महिन्यात ऊन किती. घरात माणूस वाढला, कोणी आजारी असलं, तर अर्ज करून वाटा वाढवून मिळतो. त्या वाट्यात राहिलीस तर दर कमी. ओलांडलास तर चढत जातो. सगळ्यांत वरच्या टप्प्याचं नावच एकेकाळी 'उधळपट्टी' होतं.

मी : बिलावर 'उधळपट्टी' छापून यायचं?

मामा : हो. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पंप, पाइप, पगार यांचा कायमचा खर्च त्यांनी वेगळ्या ठरावीक आकारात टाकला. लोकांनी पाणी वाचवलं म्हणून संस्था बुडत नाही. आणि वाट्याबाहेरच्या वापराचे जे जादा पैसे येतात, ते पाणी वाचवण्याच्या कामांवर खर्च होतात.

मी : पण त्याच भागात कोर्टाने चढे दर उडवले होते ना? मी वाचलंय ते. शेजारच्या सान हुआन कॅपिस्ट्रानो शहराचे. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १ एप्रिल २०१५ ला शहरांनी पाणी २५ टक्के कमी करावं असा हुकूम काढला आणि तीनच आठवड्यांत कोर्टाने त्या शहराचे दर बेकायदा ठरवले.

मामा : ठरवले, पण कारण बघ. तिथे १९९६ साली लोकांनी मतदानाने एक दुरुस्ती केली. पाण्यासारख्या सेवेसाठी खर्चापेक्षा जास्त घ्यायचं नाही. कोर्ट म्हणालं, चढत्या दरांना आमची मनाई नाही. पण वरच्या टप्प्यातलं पाणी पुरवायला खरंच तेवढा जास्त खर्च येतो, हे दाखवा. त्या शहराला ते दाखवता आलं नाही. आकडे पाहिजे तसे फुगवले, असा त्याचा अर्थ झाला. अर्व्हाइनची पद्धत चालू राहिली.

मी : म्हणजे दर हा दंड असता कामा नये.

मामा : दर म्हणजे हिशेब. जादा पाण्यासाठी नवं धरण बांधावं लागतं, लांबून पाइप आणावा लागतो, जास्त वीज जाळावी लागते. जो जादा वापरतो त्याने ते द्यावं. इतकंच. शिक्षा म्हणून आकडा फुगवलास की माणसाला वाटतं, मी पैसे मोजलेत, आता माझा हक्क झाला. हिशेब दाखवलास की त्याला वाटतं, अरे, माझ्यापायी एवढा खर्च होतोय. दोन्हीत फरक आहे.

मी : आणि ज्यांना मीटरच नाही त्यांचं काय? वस्तीतल्या बाया पिंपावर पैसे देतात. त्यांचा हजार लिटरचा भाव तुझ्या साडेसहा रुपयांच्या कितीतरी पट पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की अनधिकृत झोपडीत राहतो म्हणून कोणाचं पाणी तोडता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ती लढाई पाणी हक्क समितीने लढली. पण त्याच निकालात असंही म्हटलं, की अशांना अधिकृत इमारतींपेक्षा जास्त दर लावता येईल. तेव्हापासून मला चढ्या दराचं नाव काढलं की भीती वाटते. चढा दर जास्त वापरणाऱ्याला लागायच्या ऐवजी कमी कागद असणाऱ्याला लागतो.

मामा बराच वेळ बोलला नाही. विहिरीकडून रिकाम्या टँकरचा मागे येण्याचा आवाज येत होता.

मामा : याला माझ्याकडे उत्तर नाही. चढा दर लिटरवर असावा, पत्त्यावर असू नये. कागद नसलेल्याकडून जास्त घेणं हा पाण्याचा हिशेब नव्हे. तिथे तू बरोबर आहेस आणि मी आयुष्यभर ज्या पद्धतीत काम केलं ती अपुरी होती.

मी : दक्षिण आफ्रिकेने निदान सुरुवात बरी केली. २००१ पासून प्रत्येक घराला महिन्याला सहा हजार लिटर फुकट द्यायचं धोरण धरलं. पुढे केप टाउनवर दुष्काळ आला. २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, चढे दर आणखी चढवले, हाताबाहेर वापरणाऱ्यांच्या नळाला प्रवाह रोखणारी यंत्रं बसवली. तीन वर्षांत शहराचा वापर निम्म्याहून खाली आला आणि नळ कोरडे पडायचा दिवस टळला. पण दुष्काळाच्या दिवसांतच फुकट पाणी फक्त गरीब म्हणून नोंद असलेल्यांपुरतं उरलं. नोंद नसलेल्याचं काय, हा प्रश्न तिथेही आलाच.

मामा : पण एक बघ. केप टाउनला एकट्या दराने तारलं नाही, एकट्या नियमानेही नाही. धरणात किती पाणी उरलंय हे तिथल्या माणसाला रोज माहीत होतं. मुंबईत कोणाला विचार, आज भातशात किती पाणी आहे?

मी : जुलै उजाडला की पेपरात येतं. २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के कपात झाली तेव्हा सगळे सात तलावांचे आकडे बघत होते. पाऊस आला आणि विसरले.

मामा : विसरायचेच. कारण मुंबईच्या माणसाला भातसा म्हणजे आकडा आहे. त्याने या विहिरीच्या खाचा पाहिल्या नाहीत. मी जे मीटर वाचले, त्यातलं बहुतेक पाणी या तालुक्यातून गेलं. माझ्या आईच्या डोक्यावर हंडा आणि माझ्या हातात मीटरची वही. भावलीच्या धरणातून इकडच्या गावांना पाणी आणायच्या योजनेचं किती वर्षं ऐकतोय! गळतीत आणि चोरीत मुंबईचं पाव हिश्शाहून जास्त पाणी जातं. तेवढ्यात हा तालुका न्हाऊन निघेल.

मी : म्हणून म्हणते, आधी पालिकेने गळती थांबवावी, मग माझ्या घरात मीटर बसवावा.

मामा : आणि पालिका म्हणेल, आधी तुम्ही बसवा. गळती कळते कशी? किती सोडलं आणि किती पोहोचलं यांची वजाबाकी केली की. किती पोहोचलं हे मोजणारा मीटरच नसेल तर वजाबाकी कशातून करणार? तुझ्या घरातला मीटर तुझ्यावर पाळत ठेवायला नाही. तो पालिकेला जाब विचारायला लागणारा पुरावा आहे.

हे मला पटलं. पटलं ते चटकन बोलता येईना, म्हणून मी ठरावाचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहायला लागले. मर्यादा घराला नको, माणशी हवी. आजारी माणूस, तान्हं मूल असेल तर वाटा वाढवून मिळावा. पहिले सहा महिने मीटर चालवायचे, आकडा दाखवायचा, पण चढा दर लावायचा नाही. ज्याचा आकडा अचानक वाढेल त्याच्याकडे बिलाआधी प्लंबर जावा. जादा दराचे पैसे देखभालीच्या खात्यात मिसळायचे नाहीत; आधी गळक्या टाक्या आणि पाइप, मग गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची सोय.

पहिला टप्पा किती लिटरचा, तिथे मी थांबले. ठरावातला घराचा आकडा माणशी १५० धरून काढलेला होता. मामा म्हणाला, मुंबईचा आकडा आहे, राहू दे. मलनिःसारण असलेल्या शहराला केंद्राच्या नियमावलीने १३५ धरलेत, फार खाली जाऊ नकोस, फ्लशलाच बरंच जातं.

मामी दारातून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "हे दीडशे लिटर म्हणजे आपले हंडे किती?"

मी पालथ्या हंड्याकडे पाहिलं. पंधरा लिटरचा असेल. "दहा," मी म्हटलं.

"घराला?"

"नाही मामी. एका माणसाला. रोजचे."

मामीने बोटं मोजली. टँकरच्या दिवसांत त्यांच्या घरात रोज सात हंडे येतात. दोन पिण्याचे आणि स्वयंपाकाचे, दोन अंघोळीचे, एक भांड्यांचा, एक धुण्याचा, एक गाईचा. घरात माणसं चार. दुसरं काही न बोलता ती रिकामा हंडा आत घेऊन गेली.

मामा आणि मी दोघंही गप्प. इतका वेळ आम्ही १५० च्या वर काय करायचं यावर भांडत होतो. दीडशेच्या आत काय आहे हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. मामीच्या सात हंड्यांवर कोणी जगावं असं मी म्हणणार नाही. ते हाल आहेत, आणि हालांना काटकसर म्हणणं मला मान्य नाही. पण ज्या तलावाच्या काठचं घर सात हंड्यांत भागवतं, त्याच तलावातून एका माणसाला दहा हंडे साध्या दरात देणं आणि त्याला मर्यादा म्हणणं, हेही आता माझ्या तोंडून निघणार नाही.

मामाने माझ्या हातातून पेन घेतलं. १५० खोडून त्याने १३५ लिहिले. मग थोडं थांबून पेन मला परत दिलं. मी १३५ खोडून १०० केले. तो म्हणाला, "सभेत भांडण होईल." मी म्हटलं, "होऊ दे. भांडण झालं तर निदान शहापूरचं नाव निघेल."

दर हवा की नियम, यावर आमचं अजून एकमत नाही. मामाला अजून वाटतं, मीटर आणि नेमका दर असला की माणसं शहाणी होतात. मला अजून वाटतं, वाटा ठरवण्याचा नियम आधी हवा आणि दर त्याच्या मागून चालावा. पण दोघांना एक पटलंय. आज आपण नळ मोजतो, घरं मोजतो, कागद मोजतो. पाणी मात्र मोजत नाही, आणि ते कुठून आलं हे तर अजिबात नाही. सभेत मी ठरावाला विरोध करणार नाही. दुरुस्ती सुचवणार आहे, आणि तिच्यासोबत एक मागणी: दर महिन्याच्या बिलावर घराचा आकडा छापाल तिथेच शेजारी तानसा आणि भातशात त्या दिवशी किती पाणी उरलंय तेही छापा.

निघताना मामाने एक जुनी बॅटरी हातात दिली. "मीटर बसले की टाकी भरल्यावर एकदा खाली जाऊन बघ," तो म्हणाला. "चक्र थांबलं पाहिजे."